फरक कशानं पडला?

न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरी यंत्रावर बघत त्या बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, चौकशी करायला फोन करणारे पालक मला हमखास विचारतात, "फरक पडला का हो?" मी हो म्हणते. पडलाच होता. गृहपाठ करता करता उठून गेलेली माझी मुलगी आपणहून परत येऊन बसायला लागली. गणिताच्या वहीत एक उदाहरण अर्ध्यावर सोडून भलतंच सुरू व्हायचं, ते कमी झालं. एका हाकेला 'ओ' मिळू लागली. हे ऐकलं की पलीकडच्या आवाजातला ताण सैलावतो आणि लगेच पुढची विचारपूस सुरू होते: सेंटर कुठलं, सेशन्स किती, आठवड्यातून किती वेळा. मला मात्र त्याआधी आणखी काही सांगायचं असतं. फरक पडला हे मी छातीठोकपणे सांगते. तो त्या यंत्रानं पडला, असं मात्र मला म्हणता येत नाही.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अतिचंचलपणाची अवस्था, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एका जागी क्षणभर न टिकणारा, खिडकीच्या गजांवर चढणारा मुलगा येतो. माझी मुलगी तशी नव्हती. ती इतकी शांत होती की वर्गात तिची कुणाला दखलच घ्यावी लागायची नाही. शाळेची घाई चाललेली असायची, एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि ही पलंगाच्या कडेवर बसून भिंतीवरून जाणारी मुंगी बघतेय. मी स्वयंपाकघरातून हाका मारून दमलेली. ती मुद्दाम ऐकत नव्हती असं नाही. हाक तिच्यापर्यंत पोचतच नव्हती, हे मला जवळ जाऊन तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळायचं. हुशार आहे पण मन लावत नाही, हा शेरा दरवर्षी वेगवेगळ्या अक्षरांत यायचा. दंगा न करणाऱ्या मुलांचं, त्यातही मुलींचं, निदान उशिरा होतं, कारण त्यांचा त्रास दुसऱ्या कुणाला होत नाही. खरं तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं 1980 मध्ये 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' हे नाव दिलं, तेव्हा चळवळेपणापेक्षा लक्षालाच मध्यभागी आणलं होतं. 1987 मध्ये 'हायपरॲक्टिव्हिटी' हा शब्द त्या नावात परत आला. लोकांच्या मनातून तर तो कधी गेलाच नव्हता.

निदान झालं आणि बालमानसोपचारतज्ज्ञांनी मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचं नाव काढलं, तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. "एवढ्याशा पोरीला डोक्याची गोळी?" तिची आजी एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. न्यूरोफीडबॅककडे येणारे बहुतेक पालक याच दारातून येतात. गोळी नको, इंजेक्शन नको, साइड इफेक्ट नाहीत, मेंदूला फक्त व्यायाम द्यायचा. व्यायामाला कोण नाही म्हणेल? त्यातून मेंदूच्या लहरी समोर पडद्यावर दिसतात, मोजता येतात. ज्या गोष्टीसाठी मुलीला आजवर फक्त बोलणी बसली होती, ती निदान कुणीतरी आकड्यांत मोजतंय, याचाच आईबापाला केवढा तरी आधार वाटतो.

या उपचाराला मागचापुढचा आधार नाही असं मुळीच नाही, आणि त्याचा इतिहास मी मनापासून वाचला आहे. जर्मनीतल्या येना इथं हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञानं 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली आणि 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला साधारण दहा वेळा वरखाली होणारी लाट दिसते आणि डोळे उघडताच ती दबते, हे त्यानं दाखवलं. हीच ती अल्फा लहर. पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात जो कामिया यानं एक साधा, सुंदर प्रयोग केला. डोळे मिटून बसलेल्या माणसाला मधूनमधून घंटा वाजवून विचारायचं, आत्ता तुझ्या मेंदूत अल्फा आहे की नाही? उत्तर बरोबर की चूक, एवढंच सांगायचं. सरावानं लोकांचे अंदाज बरोबर येऊ लागले. स्वतःच्या मेंदूत काय चाललंय याचा माग माणसाला लागू शकतो, ही कल्पना तिथून रुजली.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवते ती मांजरांची गोष्ट. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बॅरी स्टरमन 1960 च्या दशकात मांजरांवर काम करत होते. मांजर अंगाची जराही हालचाल न करता पण पूर्ण सावध राहून वाट बघत असतं, तेव्हा मेंदूच्या हालचालींशी संबंधित पट्ट्यावर सेकंदाला 12 ते 15 आवर्तनांची एक लय उमटते. ती लय उमटली की खाऊ द्यायचा. मांजरं ती लय मुद्दाम वाढवायला शिकली. पुढे स्टरमन यांच्याकडे वेगळंच काम आलं. रॉकेटच्या इंधनातल्या मोनोमेथिल हायड्रॅझिन या विषारी द्रव्यानं झटके का येतात, ते तपासायचं होतं. त्यांनी मांजरांना ते टोचलं. आधी लय शिकलेली काही मांजरं त्यात होती, आणि त्यांना झटके उशिरा आले किंवा आलेच नाहीत. ही गोष्ट पटते, कारण मांजराला उपचाराकडून काही अपेक्षा नसते. आपल्याला आता बरं वाटणार आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 1972 मध्ये फेफऱ्याच्या रुग्णावर याच पद्धतीचा पहिला अहवाल आला. 1976 मध्ये टेनेसी विद्यापीठातल्या जोएल लुबार यांनी मार्गारेट शाउस यांच्यासह एका अतिचंचल मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या मुलाला आधी लय वाढवायला शिकवली, मग उलट दिशेनं शिकवली, मग पुन्हा सुलट, आणि त्याचं वागणं त्या त्या वेळी तसं तसं बदललं. एकच मूल, पण प्रयोग मोठ्या काळजीनं आखलेला. आज जगभर चालणाऱ्या एडीएचडीच्या न्यूरोफीडबॅकचा उगम या एका प्रयोगात आहे.

त्यानंतर मुख्य जोर आला थीटा आणि बीटा या दोन लहरींवर. थीटा म्हणजे सेकंदाला 4 ते 8 आवर्तनं, पेंगुळलेपणाची, तंद्रीची. बीटा म्हणजे 13 पासून 30 पर्यंत, जागेपणाची, कामात गढल्याची. लक्ष न लागणाऱ्या मुलांत थीटा जास्त आणि बीटा कमी असते, म्हणून थीटा उतरवा आणि बीटा चढवा, असा हिशोब. आम्हाला पहिल्याच भेटीत मुलीच्या मेंदूचा रंगीत नकाशा दाखवला होता. पुढच्या भागात एक लाल डाग. त्या डागाकडे बघताना घशात आवंढा आला, कारण इतकी वर्षं जे नुसतं जाणवत होतं ते आता दिसत होतं. या थीटा-बीटा गुणोत्तरावर चालणारं एक निदान-सहायक उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 मध्ये बाजारात यायला परवानगी दिली होती. पण त्याच वर्षी मार्टिन आर्न्स आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असं दिसलं की एडीएचडी असलेली आणि नसलेली मुलं यांच्यातला या गुणोत्तराचा फरक वर्षागणिक आटत चालला आहे आणि त्यावरून भरवशाचं निदान करता येणार नाही. 2016 मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनंही संशोधनाबाहेर त्याचा वापर नको, असा सल्ला दिला. लाल डाग बघून माझ्यासारखं कुणाला भरून आलं तर त्यात गैर काहीच नाही. डाग दाखवणाऱ्यानं मात्र हे सांगायला हवं.

आता सेशनबद्दल. ताई, म्हणजे तिथल्या थेरपिस्ट, मुलीच्या केसांत भांग पाडून डोक्याच्या मधोमधची जागा खरखरीत जेलनं घासून घ्यायच्या, पांढऱ्या चिकट पेस्टमध्ये इलेक्ट्रोड बसवायच्या आणि कानांच्या पाळ्यांना दोन चिमटे लावायच्या. पडद्यावर एक विमान. लहरी हव्या तशा झाल्या की ते वर जाणार, आवाज येणार, गुण वाढणार. नाहीतर हळूहळू खाली. डोक्यावर पोचणारी ही वीज व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते, इतकी क्षीण. डोळ्याची एक उघडझाप झाली तरी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी उसळी आलेखात येते. जबडा आवळला की स्नायूंची वीज बीटाच्याच पट्ट्यात मिसळते, म्हणून स्नायूंचा गोंगाट वाढला की बक्षीस थांबवायचं, अशी सोय यंत्रात असते.

एकदा परत येताना मुलगी म्हणाली, "आई, दात सैल सोडले ना, की विमान जातं." मी पुढच्या वेळी ताईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत, उडवूनही लावलं नाही. म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती. थोडा भाग तो असतोच." मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून आदर वाटतो. मग मी मुलीला विचारलं, की दात सैल सोडतेस, आणखी काय करतेस? ती खूप विचार करून म्हणाली, "काहीच करत नाही. विमानाकडे बघते आणि काहीच करत नाही." स्टरमनची मांजरं हेच तर करत होती. पण मुलगी थीटा उतरवायला शिकली होती, की अंग सैल सोडून एका ठिकाणी नजर ठेवायला शिकली होती? यंत्राला या दोन्हींतला फरक पुरता कळत नाही, मला तर कळणं शक्यच नव्हतं.

आणि त्या खोलीत विमानाखेरीज बरंच काही होतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ. माझा फोन बंद करून पर्समध्ये. समोर एक मोठं माणूस, ज्याचं सगळं लक्ष या एका मुलीवर. दिवसभर 'हे राहिलं, ते विसरलीस' ऐकणारी पोर तिथं दर काही सेकंदांनी ऐकायची की जमलं, आत्ताही जमलं. जाता-येता ती आणि मी दोघीच, तेव्हा ती जे बोलायची ते घरी कधी बोलली नव्हती. झोप अपुरी असली की सेशन वाया जातं, असं ताईंनी सांगितल्यामुळे रात्री लवकर दिवे मालवायला लागलो. शिवाय त्या काळात ती मोठीही होतच होती. आणि एक साधी गोष्ट आपण विसरतो: माणूस मदत मागायला जातो तो दिवस अगदी वाईट चालू असताना. तिथून थोडं वर येणं बरेचदा आपसूकच घडतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, तर कावळ्याला श्रेय द्यायचं की नाही, हे एकाच झाडाकडे बघून ठरत नाही. पुष्कळ झाडं बघावी लागतात.

ती बघितली गेली आहेत, आणि पालकांपर्यंत जे पोचत नाही ते हेच. 2009 मध्ये आर्न्स यांच्याच गटानं केलेल्या एकत्रित विश्लेषणात न्यूरोफीडबॅकचा एकाग्रतेवरचा परिणाम मोठा दिसला होता, आणि जाहिरातींत अजूनही त्याचेच दाखले दिले जातात. 2013 मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी चाळणी लावली. मुलाला कोणता उपचार मिळतोय हे ज्यांना माहीत नसण्याची शक्यता जास्त, अशांनी, बहुतेकदा शिक्षकांनी, मुलाच्या वागण्याला दिलेले गुणच धरायचे. ही चाळणी लावताच परिणाम इतका घसरला की तो आहे असं म्हणता येईना. पालकांना फरक दिसत होता, तो मुलाला काय मिळतंय ते माहीत नसलेल्यांना दिसत नव्हता. यावर समर्थकांचं म्हणणं असं की शिक्षकाला पस्तीस मुलांत एकीतला बारीक बदल दिसेलच कसा? तो आक्षेप मला रास्त वाटला होता.

म्हणून 2021 ची चाचणी महत्त्वाची. अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनामध्ये 7 ते 10 वर्षांच्या 144 मुलांवर ती झाली. काहींना खरं थीटा-बीटा प्रशिक्षण, बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं, तितकाच वेळ चालणारं, पण ज्यातलं बक्षीस त्या मुलाच्या लहरींवर अवलंबून नव्हतं असं. दोन्ही गटांना 38 सेशन्स. मूल, आईवडील, शिक्षक, कुणालाच कोणत्या गटात काय आहे ते माहीत नाही. शेवटी दोन्ही गटांतली मुलं सुधारली, चांगलीच सुधारली, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रौढांवरही असंच दिसलं होतं. मिखाएल श्योनेनबर्ग यांच्या गटानं 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरं न्यूरोफीडबॅक, नकली न्यूरोफीडबॅक आणि एक गट-उपचार, तिन्हींत लोक सारखेच सुधारले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. आपण इतका वेळ, इतकी आशा ज्यात घातली ते नुसतं नाटक होतं की काय? पण चार दिवसांनी तेच पुन्हा वाचताना माझं लक्ष दुसऱ्या अर्ध्यावर गेलं. मुलं सुधारली होती. नकली विमानावर बसलेलीसुद्धा. त्यांच्या आयांनी फोनवर 'हो, फरक पडला' असंच सांगितलं असतं, आणि ते खोटं नसतं. त्या मुलांना कुणीतरी महिनोन् महिने वेळ दिला होता, जवळ बसून बघितलं होतं, जमलं म्हटलं होतं. लहरींशिवाय जे उरलं ते इतकं काम करत असेल, तर त्याला 'नुसतं प्लासिबो', म्हणजे नुसत्या विश्वासानं पडलेला फरक, म्हणून बाजूला ठेवायला माझं मन तयार नाही. त्यावर का अभ्यास होत नाही, ते विमानाशिवाय, त्या खर्चाशिवाय प्रत्येक मुलाला का देता येत नाही, हा प्रश्न मला लहरींच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

निवाडा अगदी काळापांढरा नाही, हेही नोंदवते. त्याच चाचणीत सुमारे वर्षानंतर पाहिलं तेव्हा खऱ्या गटातल्या मुलांना औषध कमी लागत होतं. 2024 च्या अखेरीस आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात 38 चाचण्या आणि सुमारे अडीच हजार माणसं होती. उपचाराची माहिती नसलेल्यांचे गुण धरले तर एकूण परिणाम जवळपास शून्य निघाला. फक्त ठरलेल्या, रुळलेल्या पद्धतींच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा एक लहानसा परिणाम शिल्लक राहिला. लहानसा म्हणजे आईला घरात बघून कळेलच असा नव्हे. संशोधकांनी त्यामागे जावं, जरूर जावं. पण संशोधनाचा विषय असणं वेगळं आणि 'औषधाला पर्याय' अशी पाटी लावून समोर मांडणं वेगळं.

औषधाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण खरी भीती तिथं आहे. मेथिलफेनिडेट 1944 मध्ये पहिल्यांदा तयार झालं. म्हणजे ते काही काल-परवाचं नाही. 2018 मध्ये 133 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानं मुलांसाठी तेच पहिली निवड असावं असं म्हटलं, तेही साधारण तीन महिन्यांच्या परिणामांवरून. पुढच्या अनेक वर्षांबद्दलचा पुरावा तितका पक्का नाही, आणि चांगले डॉक्टर हे स्वतःहून सांगतात. आम्ही पुढे ते सुरू केलं. दुपारची भूक गेली, तेव्हा मात्रा आणि वेळ बदलून घेतली. तिच्याच शब्दांत, "पान वाचून संपल्यावर पहिली ओळ अजून आठवते." गोळी हे कायमचं बरं करणं नाही, तिचा असर उतरला की उतरला. आजीला हे पटायला वेळ लागला, पण नात धडा वाचून दाखवायला लागली तेव्हा तीच रोज सकाळी "गोळी घेतलीस का गं?" विचारू लागली. न्यूरोफीडबॅक चालू असताना सुरू झालेली आमची दोघींची ठरलेली वेळ आम्ही मोडली नाही. आता तिथं पेस्ट नाही, चिमटे नाहीत, ती अभ्यास करते आणि मी शेजारी माझं काहीतरी वाचत बसते.

मला चिंता वाटते ती न्यूरोफीडबॅकपायी वर्ष-दोन वर्षं नीट उपचार लांबणीवर पडलेल्या मुलांची. त्या वर्षांत वर्ग पुढे जातो, मैत्रिणी पुढे जातात, आणि 'मला काही येत नाही' हे मुलाच्या मनात घट्ट बसतं. ते पुसायला लहरींपेक्षा जास्त कष्ट पडतात. ज्यांना न्यूरोफीडबॅक करून बघायचंय त्यांनी बघावं, मी कुणाला अडवत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याबरोबर, त्याच्या जागी नव्हे.

ताईंशी मी हे सगळं बोलले. 2021 ची चाचणी त्यांना माहीत होती, पण पालक विचारत नाहीत म्हणून आपणहून कधी काढली नव्हती. त्या बराच वेळ गप्प बसल्या. आता पहिल्या भेटीत, नकाशा दाखवायच्या आधी, त्या पालकांना सांगतात की नकली प्रशिक्षण मिळालेली मुलंही तितकीच सुधारली होती, आणि गोळी सुरू असेल तर ती आमच्या भरवशावर बंद करू नका. काही पालक तिथूनच परत जातात. थांबणारे जास्त आहेत, असं त्या म्हणतात.